कसेल त्याचा जबडा

धरणगावच्या माणसाजवळ इतिहासाचा विषय काढू नये. तो थेट १६७४ सालापासून सुरू होतो. त्या साली इंग्रजांनी आमच्या गावात वखार घातली. मुंबईचं तेव्हा जेमतेम बारसं होत होतं आणि आम्ही साहेबाला कापड मोजून देत होतो, हे पाहुण्याच्या गळी उतरेपर्यंत त्याच्यापुढे चहा येत नाही. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेनं गाव लुटलं, १६७९ साली पुन्हा लुटलं, १६८५ साली संभाजीराजांच्या फौजेनं लुटलं. हे सांगताना धरणगावकराची छाती अशी काही फुगते, की लुटलेलं गाव आपलंच होतं याचं त्याला भान राहत नाही. मग जेम्स औट्रम आणि त्याची १८२५ सालची भिल्ल पलटण. मग १८९० साली १३ ऑगस्टला गावात जन्मलेले बालकवी. एवढं झालं की इतिहास संपतो आणि सांगणारा समाधानानं हसतो.

त्या हसण्यात दात किती, हे मात्र आजवर कोणी नोंदवलेलं नाही. आमच्या इतिहासात वखार आहे, पलटण आहे, कवी आहे, जबडा नाही. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. ते आलं आमच्या दादांमुळे.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय चौऱ्याहत्तर. सारा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गाठोड्यांचा हिशेब लिहिण्यात गेला. सोबतीला तंबाखू. ती त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी निश्चयानं सोडली, पण तोवर दातांनी त्यांना सोडलं होतं. हिरड्या सुजल्या, दात हलले, एकेक करून उमेदवारी मागे घेत गेले आणि शेवटी वर-खाली दोन्हीकडे कवळी आली. कवळी हा शब्द ज्यानं शोधला तो मोठा विनोदी माणूस असला पाहिजे. कवळी काकडी, कवळी भेंडी यांच्या रांगेत त्यानं ही गुलाबी वस्तू नेऊन बसवली.

वरची कवळी टाळूला चिकटून बसे. खालची मात्र पहिल्यापासून चंचल. दोन-तीनदा नवी करून झाली. दरवेळी सहा महिने बरे जात, मग ती बोलताना वर उचलली जाई, जेवताना एका बाजूला सरके, आणि शिंकेला तर दादा आधी तोंडावर हात ठेवून मगच शिंकत. हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसतही होतो. पण गेली दोन वर्षं दादा कोणाच्याही पंगतीला बसले नाहीत. ‘पोट बरं नाही’ म्हणायचे. घरीसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून, भाकरी वरणात कुस्करून गिळायचे. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांवर ज्या माणसानं सत्तर उन्हाळे काढले, त्याच्या ताटात केळं आणि खिमटी. केळ्यांच्या जिल्ह्यात राहतो म्हणून माणसानं केळ्यावरच राहावं असं थोडंच आहे!

तेव्हा पुण्याच्या पुतण्यानं फर्मान काढलं, ‘काकांना इम्प्लांट बसवा.’ कोणतं, किती, कुठं, हे ठरवण्यासाठी माहिती काढायचं काम निवृत्त माणूस म्हणून माझ्याकडे आलं. इतिहासाच्या मास्तराला माहिती काढायला सांगितलं की तो कुठून सुरुवात करतो हे आमच्या घरच्यांना ठाऊक असायला हवं होतं.

मी दक्षाच्या यज्ञापासून सुरुवात केली. शंकराची निंदा चालू असताना पूषा नावाचा देव दात दाखवून हसला, म्हणून वीरभद्रानं त्याचे दात पाडले. पुढे शंकर शांत झाले आणि नुकसानभरपाई सुरू झाली. दक्षाचं मुंडकंच गेलं होतं, त्याला बोकडाचं बसवलं. पण पूषाला मात्र सांगण्यात आलं, की यजमानाच्या दातांनी खा, नाहीतर पिठाचं खा. ज्यांनी माणसाच्या धडाला बोकडाचं डोकं जोडलं त्यांनाही दात बसवण्याचं काम अंगावर घ्यावंसं वाटलं नाही, यावरून या धंद्यातली अडचण ध्यानात यावी. दादांना ही कथा फार आवडली. खिमटीचा वाडगा बाजूला सारत ते म्हणाले, “म्हणजे हाऊ नैवेद्य शे तर!”

देवांकडून राजांकडे वळावं तर कनोजचा जयचंद. ११९४ साली चांदावरच्या लढाईत तो पडला. प्रेतांच्या ढिगात राजा कोणता हे कळेना. अखेर सोन्यानं बसवलेल्या खोट्या दातांवरून त्याची ओळख पटली, असं सांगतात. ही हकीकत फरिश्त्याच्या तवारिखेतून आली. त्या तवारिखेचा इंग्रजी तर्जुमा १८२९ साली छापणारा जॉन ब्रिग्ज म्हणजे पेशवाई बुडाल्यावर खानदेशचा कारभार पाहणारा पहिला इंग्रज अंमलदार. धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं तेही त्यानंच. आणि आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात जयचंदाच्या दातांवर मार्मिक शेरा मारणारे एल्फिन्स्टन साहेब हे ब्रिग्जला खानदेशात नेमणारे. तेव्हा कवळीच्या इतिहासात खानदेशचा हात नाही असं कोणी म्हणू नये. दात नसले तरी हात आहे.

युरोपात यापेक्षा फार बरी परिस्थिती होती असं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा असा एकच दात शिल्लक होता. बाकीची कवळी पाणघोड्याच्या दातांची आणि माणसांच्या दातांची, शिवाय स्प्रिंगा लावलेली. लाकडाची होती ही दंतकथा आहे. (या लेखात हा शब्द एकदा येणार होताच, येऊन गेला, बरं झालं.) १८१५च्या वॉटर्लूनंतर मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांत बसवले जात. नेपोलियनचा पराभव झाला आणि लंडनच्या म्हाताऱ्यांना बदाम फोडता येऊ लागले. पुढे १८५०च्या सुमारास कडक रबराचा साचा आला, गेल्या शतकात प्लास्टिक आलं, आणि कवळी गोरगरिबांच्या आवाक्यात आली.

आपल्याकडे या विद्येचं पहिलं कॉलेज १९२० साली कलकत्त्यात निघालं. काढणारे डॉक्टर रफिउद्दीन अहमद हेही १८९०च्याच डिसेंबरातले, म्हणजे बालकवींहून चार महिन्यांनी लहान. अमेरिकेत दातांचं शास्त्र शिकून आले. कॉलेजला पैसा हवा म्हणून त्यांनी कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान काढलं. एका हातानं लोकांना गोड सोडा पाजायचा आणि दुसऱ्या हातानं त्यांचे किडलेले दात दुरुस्त करणारे डॉक्टर तयार करायचे, असा हा चोख व्यवहार होता. स्वतंत्र भारतात १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात शिकलेले डॉक्टर वेगळ्या यादीत, आणि पदवी नाही पण वर्षानुवर्षं धंदा करत आलेत असे वेगळ्या यादीत घातले. आमच्या बाजाराच्या दिवशी रस्त्यावर फडकं पसरून, समोर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारा माणूस कोणत्या यादीत होता कोण जाणे. तो ढीग ही त्याची जाहिरात होती, पदवी होती आणि धमकीही होती.

आता खरा मुद्दा. या सगळ्या इतिहासात लोकांनी दाताचा विचार केला. दात ज्या जमिनीत उभा असतो तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. दादांच्या जबड्याची गोष्ट तिथेच अडली होती.

आमच्या पिढीला कूळकायदा पाठ आहे. कसेल त्याची जमीन. १ एप्रिल १९५७ला कृषक दिन झाला आणि कोणाची जमीन गेली, कोणाला मिळाली याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. जबड्याच्या हाडाला निसर्गानं हा कायदा फार आधीपासून लागू केला आहे. दात हे त्या हाडाचं कूळ. दात चावतो, मुळावाटे जोर हाडात उतरतो, आणि हाड म्हणतं, ‘शेत कसलं जातंय, मला राहायला हवं.’ वापराप्रमाणे हाड घडतं आणि मोडतं हे यूलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्यानं १८९२ सालीच लिहून ठेवलं. दात गेला की कूळ गेलं. मग हाड ओसरायला लागतं. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. ताल्ग्रेन यांनी कवळी लावणाऱ्या माणसांचे पंचवीस वर्षांचे एक्स-रे लावून १९७२ साली दाखवलं, की हे झिजणं थांबत नाही आणि खालच्या जबड्याची उंची वरच्याच्या सुमारे चौपट घटते. दादांची खालचीच कवळी का नाचते, याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी छापून आलं होतं. धरणगावला टपाल उशिरा येतं एवढंच.

तुम्ही म्हणाल, कवळी लावली म्हणजे शेत कसलंच की. नाही. कवळीला मूळ नाही. ती शेतावर बांधलेलं गोदाम. जमीन नांगरत नाही, नुसती दाबते. त्यात शेजारी टपलेले. वरच्या दाढांच्या माथ्यावर जबड्याच्या हाडात सायनस नावाची पोकळी असते. दाढा गेल्या की ती हळूहळू खाली सरकते. बांध कोरणारा शेजारी ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी एक नस असते. हाड झिजत झिजत तिच्या अंगावर आलं की वरून ड्रिल चालवणाऱ्यानं जपून चालवावं. नस दुखावली तर ओठ बधिर होतो, कायमचाही.

म्हणजे कवळी नको, कूळ हवं. हे कूळ सापडलं सशाच्या पायात.

१९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा संशोधक सशाच्या हाडातून रक्त कसं वाहतं ते पाहत होता. त्यासाठी त्यानं हाडात टायटॅनियमची एक बारीक नळकांडी बसवली. काम झाल्यावर काढायला गेला तर निघेना. हाड धातूला असं बिलगलं होतं की दोघांची ताटातूट होईना. दुसरा एखादा ‘महाग नळकांडं वाया गेलं’ म्हणून चडफडत घरी गेला असता. हा गृहस्थ विचार करत बसला. १९६५ साली त्यानं योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे बसवले. लार्सनचा जबडा जन्मतःच सदोष, खाली दात नाहीत. तो २००६ साली वारला तेव्हाही ते खिळे जागेवर होते. चाळीस वर्षं टिकलेलं भाडेकरार-पत्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पण मधल्या काळात ब्रोनेमार्कला स्वतःच्याच देशात कोणी विचारलं नाही. तो दातांचा डॉक्टर नव्हता, हा मोठा गुन्हा. १९६९ साली एका व्याख्यानानंतर एक वयोवृद्ध प्राध्यापक उठले आणि म्हणाले, की जे लोक रीडर्स डायजेस्टमध्ये स्वतःबद्दल छापून आणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. या प्राध्यापकांनी एका कंपनीच्या दातकोरण्यांची शिफारस केलेली होती, हे सगळ्या स्वीडनला माहीत. ब्रोनेमार्कनं उत्तर दिलं, की जे दातकोरण्यांच्या डब्यांवर झळकतात त्यांच्यावर माझा नाही. साहित्य संमेलनांत याहून वाईट बोलणी मी ऐकली आहेत. पण त्यांतून दात कोणाला मिळाले नाहीत. १९८२ साली कॅनडात टोरांटोला परिषद भरली, पुरावे मांडले गेले, आणि मग जगानं मान्य केलं की हाड टायटॅनियमला धरून ठेवतं.

इथवर मी वहीत उतरवलं आणि विजयानं दादांना वाचून दाखवलं. दादांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “हाड धरी ठेवस, ते बरं. पण मना जबडामा हाड शे का?”

चौऱ्याहत्तर वर्षांच्या हिशेबनिसानं गेल्या साठ वर्षांच्या दंतशास्त्राचा नेमका प्रश्न विचारला होता. टोरांटोनंतरचा सगळा इतिहास त्याच एका प्रश्नाचा आहे: खिळा उत्तम आहे, पण ठोकायला भिंतच नसेल तर? ज्याला इम्प्लांटची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडेच हाड सर्वांत कमी. कर्ज ज्याला हवं त्याच्याकडे तारण नसतं, तसंच हे.

यावर जगभरच्या डॉक्टरांनी जे उपाय काढले ते खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सुचले असते. जमीन खरवडून गेली असेल तर काय करतात? एक तर बाहेरून गाळ आणून टाकतात. तसं दुसरीकडचं हाड आणायचं. थोडं लागणार असेल तर हनुवटीचं, जास्त लागणार असेल तर कमरेचं. वरच्या सायनसचा तळ हलकेच वर उचलून त्याखाली हाड भरायची युक्ती १९७०च्या दशकात अमेरिकेत टेटमनं काढली आणि १९८० साली बॉइन आणि जेम्स यांनी छापली. कोरलेला बांध पुन्हा मागे सारण्याचाच हा प्रकार. फक्त तलाठी लागत नाही. दुसरा उपाय, आपल्या शेतात पाणी नसेल तर जिथं झरा आहे तिथं विहीर खणायची. ब्रोनेमार्कनंच १९८०च्या दशकाच्या अखेरीस वरच्या जबड्यातून थेट गालफडाच्या हाडात जाणारे लांबलचक खिळे आणले. साधा खिळा दहा-बारा मिलिमीटरचा, हा तीस ते पन्नासच्या घरातला. पोर्तुगालच्या पाउलो मालोनं १९९८ साली चारच खिळ्यांवर पूर्ण जबडा उभा केला. मागचे दोन तिरपे घातले, म्हणजे सायनस आणि नस चुकवून पुढच्या शाबूत हाडात मुळं जातात. आणि तिसरा उपाय, सगळ्यांत कमी बोलला जाणारा: जमीन आहे तेवढी पाहायची आणि तिला झेपेल तेच पीक घ्यायचं. आखूड खिळे, कमी खिळे, कमी अपेक्षा.

या तिसऱ्याची जाहिरात होत नाही. जाहिरात होते ती ‘तीन दिवसांत पक्के दात’ची. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याला पुतण्यानं फोन लावला, तर तिथल्या मधुर आवाजाच्या मुलीनं दादांचं वय ऐकून दहा इम्प्लांट सांगितले. एक्स-रे नाही, साखर नाही, तोंड उघडून पाहिलेलं नाही. वर ‘आज ठरवलंत तर सवलत’. कापसाच्या व्यापाऱ्यानंसुद्धा गाठोडं फोडून नमुना पाहिल्याशिवाय कधी भाव केलेला मी ऐकला नाही.

शेवटी आम्ही जळगावला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी पहिला अर्धा तास दात या शब्दाचा उच्चारही केला नाही. साखर किती, रक्तदाब किती, हाडं ठिसूळ होतात म्हणून कसली गोळी-इंजेक्शन चालू आहे का, तंबाखू खरंच सुटली का. दादांनी ‘पंधरा वर्षं झाली’ म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा लिहून घेतलं. मग त्यांनी जबड्याचं स्कॅन काढलं. हे यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि हाडाची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये सांगतं. सायनस कुठवर आलाय, नस कुठून जाते, सगळं दिसतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात ते निघालं. बाईंनी त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं. दादा पडद्याकडे रोखून बघत म्हणाले, “म्हणजे जबड्याचा सातबारा.” बाई हसल्या आणि पुढे त्याही सातबाराच म्हणू लागल्या.

सातबारा वाईट होता. बिनदाती जबड्यांच्या सहा इयत्ता आहेत असं बाईंनी सांगितलं. कॉवुड आणि हॉवेल या दोघांनी त्या १९८८ साली लावल्या. पहिलीत दात शाबूत, सहावीत जबडा खड्डा पडल्यासारखा. दादांचा वरचा जबडा चौथीत होता, खालचा पाचवीत. शाळेत दादा चौथीला दोनदा बसले होते. इथं एकदाही न बसता पुढे चढवले गेले. शिवाय हाड नुसतं किती हे पाहून भागत नाही, कसं आहे तेही पाहावं लागतं. मिश नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हाडाची प्रत लाकडाशी ताडून सांगितली: ओक, पाइन, बाल्सा अशी उतरती. आपण साग, निंब आणि शेवगा म्हणू. शेवग्यावर चढून जो पडला आहे त्याला वरच्या जबड्याच्या मागच्या हाडाबद्दल जास्त काही सांगायला नको.

मी वही उघडून बाईंसमोर सगळे उपाय मांडले. कमरेचं हाड, गालफडाचे खिळे, तिरपे खिळे, झाडून सगळे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दादांना विचारलं, “बाबा, तुम्हाला काय हवंय?”

हे आमच्या घरात कोणी विचारलंच नव्हतं.

दादा म्हणाले, “ताई, माले भाकर चावानी शे. फोटो नही काढाना.”

मग हिशेब झटपट झाला. वरची कवळी टाळूवर धरून बसते आहे, तिला हात लावायचा नाही. भांडण खालचं. खालच्या जबड्यात मागचं हाड गेलं तरी हनुवटीजवळचं, दोन्ही नसा बाहेर पडतात त्यांच्या मधलं, शेवटपर्यंत टिकतं, गावठाणातल्या जमिनीसारखं. तिथं दोन खिळे, त्यावर टिचबटणं, आणि खालच्या कवळीला आतून त्या बटणांची दुसरी बाजू. सदऱ्याला लावतो तशी कवळी टिचकन लावायची, रात्री काढून धुवायची. पूर्ण बिनदाती खालच्या जबड्याला निदान एवढं तरी आधी द्यावं, असं कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या मंडळींनी २००२ सालीच म्हणून ठेवलं आहे. पुढेमागे वाटलं तर आणखी करता येतं; आधी दहा ठोकले तर मागे येता येत नाही. खर्च? एका चांगल्या दुभत्या म्हशीएवढा. दहांचा खर्च म्हणजे गोठा झाला असता.

“आणि हाड भरायचं ठरवलं असतं तर कोणाचं भरता?” दादांना शंका सोडवेना. बाईंनी लपवाछपवी केली नाही. आपलं स्वतःचं, नाहीतर दान केलेलं माणसाचं, नाहीतर जनावराचं शुद्ध केलेलं, नाहीतर कारखान्यात बनवलेलं. बहुतेक ठिकाणी गाईबैलाचं वापरतात, म्हणून रोग्यानं विचारून घ्यावं आणि डॉक्टरनं आपणहून सांगावं. माणसाचं कुठून मिळतं? मुंबईत टाटा हॉस्पिटलात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दादांनी आयुष्यात भूविकास बँक पाहिली, अर्बन बँक पाहिली, बुडालेली पतपेढी तर फार जवळून पाहिली. “हाडांची बँक शे? मंग व्याज काय?” बाई म्हणाल्या, “तिथं ठेव परत मागायला कोणी येत नाही, बाबा.” यावर दादा बराच वेळ गप्प होते.

साखर वाढलेली निघाली, म्हणून तीन महिने नुसती साखर उतरवण्यात गेले. वहिनींनी घरातला गूळ कुलपात घातला. मग एका सकाळी तासाभरात दोन खिळे बसले. दादा बाहेर आले ते ‘बोअरिंगला पाणी लागलं’ अशा चेहऱ्यानं. पण खिळा बसला म्हणजे झालं असं नाही. हाडानं त्याला आपलं म्हणायला अडीच-तीन महिने लागतात. त्या काळात घाई केली तर खिळा हलतो आणि सगळं फुकट. नवं कूळ गावात आल्यावर जरा रुळू द्यावं लागतं, तसंच. दादांनी ते तीन महिने पेरणी झाल्यावर पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या संयमानं काढले. आरशासमोर उभं राहून जबडा चाचपायचे, एवढंच.

टिचबटणं लागली त्या दिवशी वहिनींनी कळण्याची भाकरी केली. मऊ करू का, असं विचारलं, तर दादांनी नुसतं पाहिलं. पहिला घास त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच घेतला. दोन वर्षांची सवय. मग हळूच पाट वळवला. भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा कुर्र असा आवाज आला. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो, कोणी काही बोललं नाही. दादाच म्हणाले, “ठेचामा मीठ कमी शे.”

आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. खिळ्याभोवतीची हिरडी ब्रशानं साफ ठेवावी लागते, नाहीतर दाताभोवतीचं हाड जसं गेलं तसं खिळ्याभोवतीचंही जातं. बटणातली रबरी चकती झिजली की बदलावी लागते. ऊस दातांनी सोलायला बंदी आहे. दादा तुकडे करून खातात आणि वर कुरकुर करतात. मार्गशीर्षात गावात तीन लग्नं झाली, तिन्ही पंगतींना ते होते, आणि वाढप्याला हाक मारून शेव जास्त कडक का नाही म्हणून विचारत होते.

स्कॅनचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवला आहे, शेताच्या उताऱ्यांच्या गठ्ठ्यात. परवा पेटी उघडली तेव्हा मला म्हणाले, “वरला जबडाना सातबारा अजून एकदा काढाना का? काय उरनं शे ते पाही ठेवू.” मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जळगावला जायचंच आहे.